चारुलताच्या पावलाचं माप

पुरुषोत्तम बेहेऱ्यांना विनोद करायची खोड होती, आणि साताऱ्याहून बदली होऊन ते मद्रासला आले तरी ती सुटली नाही. उलट इथे ती जास्तच फोफावली. रेल्वेच्या हिशेब खात्यात सगळे तमिळ. भाषा अडायची, पण दोन शब्द तमिळ, दोन इंग्रजी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी सांगून ते समोरच्याला हसवायचेच. मराठी मंडळाच्या कोजागिरीला तर दूध आटायच्या आधी त्यांच्याभोवती कोंडाळं जमायचं. माणूस मनाचा वाईट नव्हता. फक्त विनोदाला कोणीतरी बकरा लागतो, आणि बाहेरचा बकरा शिंग मारतो, घरचा मारत नाही, हे त्यांनी फार लवकर हेरलं होतं.

घरचा बकरा म्हणजे त्यांची बायको चारुलता, आणि त्यातही तिचे पाय. पुढून सुपासारखे रुंद, मागे टाच मात्र लहान मुलीची. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, आणि पावलाचा वरचा उंचवटा असा की कुठल्याच पट्ट्याखाली तो मावायचा नाही. चपलेच्या दुकानात गेलं की बोटं मावली तर टाच डुगडुगायची, टाच नीट बसली तर बोटं एकमेकांवर चढायची. दुकानदार खोक्यांचा ढीग काढून दमायचा, आणि पुरुषोत्तम घड्याळ बघायचे.

"अगं, घे कुठलीही एक. चालून चालून सैल होईल."

चप्पल कधी सैल व्हायची नाही. पाय सोलायचा, मग तिथे घट्टा पडायचा, आणि तोवर चप्पल तुटायची.

एकदा ऑफिसची सहल मद्रासजवळच्या कोवलमला गेली होती. वाळूवर मच्छीमारांच्या नावा ओढून ठेवलेल्या, शेजारी जाळी वाळत घातलेली, आणि माशांच्या वासानं शाकाहारी मंडळी नाकाला पदर लावून बसलेली. तिथे चारुलताच्या चपलेचा अंगठा तुटला. पुरुषोत्तमांचे वरिष्ठ राममूर्ती यांच्या बायकोनं चटकन आपली जास्तीची चप्पल पुढे केली. चारुलताच्या पायात ती अर्धीच गेली आणि अडकून बसली. सगळे बघत होते.

"मामी, उगाच कष्ट घेऊ नका," पुरुषोत्तम म्हणाले. "हिच्या मापाची ती तिकडे आहे." आणि त्यांनी वाळूवर पालथ्या घातलेल्या एका नावेकडे बोट दाखवलं.

राममूर्तींना हसून हसून ठसका लागला. चारुलताही हसली. नंतर तापलेल्या वाळूतून ती अनवाणीच बसपर्यंत गेली. पुरुषोत्तमांनी ते पाहिलं होतं, पण तेव्हा ते तोच विनोद दुसऱ्या घोळक्याला सांगण्यात गुंतले होते.

पुढे हा त्यांचा हुकमी एक्का झाला. कोजागिरीला झाला, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर झाला, मुलीच्या, निधीच्या, लग्नात व्याह्यांनाही ऐकवून झाला. दर वेळी चारुलता हसायची. मधल्या काळात केव्हातरी तिनं नवऱ्याबरोबर चपलांच्या दुकानात जाणं बंद केलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून ती पुरुषांच्या मापाच्या निळ्या पट्ट्याच्या रबरी सपाता आणायची आणि त्याच घालून बाजारात, देवळात, बँकेत, सगळीकडे जायची. पुरुषोत्तमांना वाटलं, बायको साधी आहे, काटकसरी आहे. त्यांनी मित्रांपाशी तिचं कौतुकही केलं.

या गोष्टीला वाचा फुटली ती मागच्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पावसात; इथला खरा पाऊस तेव्हाच. मैलापूरमधल्या त्यांच्या गल्लीत पाणी तुंबलं होतं. चारुलता कढीपत्ता आणायला उतरली आणि त्या झिजलेल्या सपातांवरून घसरली. उजवं मनगट मोडलं, गुडघा मुरगळला. ओळखीचे हाडांचे डॉक्टर अण्णा नगरात होते, तिथे नेलं. प्लॅस्टर घालून झाल्यावर डॉक्टरांनी दाराबाहेर काढलेली तिची सपात आत मागवली, तिच्या गुळगुळीत तळावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "अम्मा, असलं काहीतरी का घालता?"

चारुलता हसली आणि इतक्या वर्षांत सरावलेल्या तमिळमध्ये म्हणाली, "काय करणार डॉक्टर? माझ्या मापाच्या फक्त नावाच मिळतात. कोवलमला."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एकदा पुरुषोत्तमांकडे पाहिलं, रागानं नव्हे, नुसतंच. पुरुषोत्तमांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला विनोद जिच्यावर केला तिच्याच तोंडून ऐकावा, आणि तिच्या गळ्यात प्लॅस्टरचा हात लोंबकळत असावा, ही शिक्षा त्यांच्या शत्रूलाही सुचली नसती.

"पाय झाकणारे, ओल्यात न घसरणारे, बोटांना जागा देणारे बूट घाला," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही."

हात सुटला, पण मनगट पूर्वीसारखं वळेना आणि गुडघा पुरता वाकेना. त्याहून वाईट म्हणजे बाईंनी धास्ती घेतली. जमीन ओली दिसली की त्या उंबरा ओलांडायच्या नाहीत. डिसेंबरात मैलापूरच्या सभांमधून, म्हणजे गाण्याच्या संस्थांच्या सभागृहांतून, मैफिली सुरू झाल्या. शेजारच्या सीतालक्ष्मी मामींच्या नादानं चारुलताला त्या गाण्याचं वेडच लागलं होतं; वर्षभर ती त्या दिवसांची वाट बघायची. त्या वर्षी ती गेली नाही. मामी एकट्याच जायच्या आणि येताना कँटीनमधला गोड पदार्थ पानात बांधून आणायच्या. चारुलता तो नवऱ्याला द्यायची.

पुरुषोत्तमांनी मग बूट शोधायला घेतले. बैल गेला आणि झोपा केला, असं स्वतःलाच म्हणत ते भर उन्हाळ्यात दुकानं पालथी घालू लागले. पिशवीत चारुलताची जुनी सपात. जलरोधक बूट मिळत, पण अरुंद. रुंद मिळत, पण पुरुषांचे, त्यात तिची टाच गोट्यासारखी हलली असती. "घरच्यांनाच घेऊन या ना सार," असं प्रत्येक दुकानदार म्हणायचा. पण चारुलता येत नव्हती. "परक्यासमोर पाय उघडे टाकून बसायचं नाही मला," एवढंच ती म्हणायची. का, ते तिनं सांगितलं नाही आणि पुरुषोत्तमांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

शेवटी पावसाच्या तोंडावर त्यांना शरण्या सापडली. अण्णा नगरात एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला तिचं लहानसं दुकान होतं. पादत्राणांच्या रचनेचं शिक्षण घेतलेली, भराभर बोलणारी मुलगी. अडचणीच्या पायांसाठी ती मापावर बूट करून द्यायची.

"आँटी येत नसतील तर तुम्ही माप आणा, अंकल," ती म्हणाली. "संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. त्यांना कागदावर उभं करा. बसून नाही, उभं. अंगावरचा पूर्ण भार पायावर पडू दे. तेव्हाच पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ धरा आणि सगळीकडून फिरवा."

एवढं सोपं काम. पुरुषोत्तम घरी आले, त्यांनी पत्राचं पॅड आणि पेन्सिल काढली आणि चारुलताला सांगितलं. ती जी दचकली ती साडीच्या निऱ्यांनी पाय झाकून बसली.

"तुम्ही माझ्या पायाशी बसणार? काहीतरीच. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावू नये. मला पाप लागेल."

"मग तूच काढ."

"माझा गुडघा वाकतोय का? आणि या हातानं पेन्सिल धरवते का?"

मामींना बोलवू म्हटलं तर तेही तिला नको होतं. इथे दोन शब्द बोलायची गरज होती. पुरुषोत्तमांना ते शब्द माहीत होते, घशापर्यंत आलेही होते. पण जन्मभर ज्या माणसानं अडचणीच्या वेळी विनोद करून वेळ मारून नेली, त्याच्या जिभेला दुसरं वळण कुठून असणार? "बरं बाई, राहू दे. नाहीतर माझं नाक तुझ्या जोडव्यात अडकायचं," असं काहीतरी ते बोलले. चारुलता सवयीनं हसली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती कॉटवर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. पावलं कडेला आली होती. पुरुषोत्तम पॅड घेऊन पायाशी बसले. तळव्याला हलकेच कागद टेकवला आणि पेन्सिल फिरवायला लागले. अंगठ्याशेजारच्या बोटातल्या जोडव्याला पेन्सिल लागून बारीक आवाज झाला, तिनं पाय आखडला, आणि चोराच्या मनात चांदणं तसे ते श्वास रोखून बसले. ती कूस बदलून पुन्हा झोपली. हे माप खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं. झोपलेल्या पायावर कसला भार? पण कडेनं थोडी जागा वाढवली की झालं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. दुसऱ्याच्या हिशेबात असली जुळवाजुळव त्यांनी कधी चालवून घेतली नव्हती.

शरण्यानं कागद बराच वेळ न्याहाळला. "तुम्ही सांगितलंत त्या मानानं पाऊल रुंद वाटत नाही. आँटी उभ्या होत्या ना?"

"हो."

"संध्याकाळी?"

"हो, हो."

"आणि बोटात मेट्टी आहे का? जोडवी म्हणता ना तुम्ही? तिथे जागा ठेवावी लागते."

"आहे," पुरुषोत्तम म्हणाले. तेवढं एक खरं होतं.

बूट दिसायला फार देखणे झाले. काळपट निळे, वरून पाणी ओघळून जाईल असं कापड, खाली खाचा असलेला रबरी तळ. नाडीऐवजी चिकटपट्टी होती, म्हणजे देवळाच्या दारात, मामींच्या उंबऱ्यावर, दवाखान्याबाहेर, या गावात जिथे जिथे पायातलं काढून ठेवावं लागतं तिथे वाकून गाठी सोडत बसायला नको. चारुलतानं ते मांडीवर घेऊन उलटसुलट करून पाहिले. तिचा चेहरा असा फुलला की पुरुषोत्तमांना तिथून उठून जावंसं वाटलं.

"अहो, पण तुम्हाला माझं माप कसं कळलं?"

"इतक्या वर्षांत एवढं तरी कळणारच."

तिनं ते घातले, पट्ट्या लावल्या आणि हॉलमधून एक फेरी मारली. वळताना क्षणभर थांबली.

"घट्ट होत नाहीत ना?" पुरुषोत्तमांनी विचारलं.

"नवे आहेत," चारुलता म्हणाली. "चालून चालून सैल होतील."

आपलंच वाक्य त्यांच्या कानावर आलं. त्यांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर चारुलता खरंच बाहेर पडू लागली. मामींना तिनं बूट दाखवले, फोनवर निधीला सांगितलं, "तुझ्या बाबांनी शोधून शोधून आणले." गल्लीत सगळ्यांना कळलं की बेहेरे सारांनी बायकोसाठी खास बूट करवून घेतले. पुरुषोत्तमांना ते कौतुक गिळवत नव्हतं आणि थुंकवतही नव्हतं.

डिसेंबर लागला तरी पाऊस हटला नव्हता. मैफिली सुरू झाल्या. दुपारच्या एका गाण्याला मामी जागा धरायला पुढे गेल्या आणि चारुलता मागून निघाली. ती जिना उतरून गेल्यावर पुरुषोत्तमांना दिसलं की तिचा फोन टीपॉयवरच राहिला आहे. ते छत्री घेऊन मागे धावले.

वळणावर त्यांना ती दिसली. फुलवालीच्या गाड्याशेजारी भिंतीला टेकून ती पट्ट्या सोडत होती. बूट काढले, रुमालानं पुसले, पिशवीत नीट ठेवले, आणि पिशवी पोटाशी धरून घोट्याएवढ्या गढूळ पाण्यात अनवाणी उतरली. त्या पाण्याखाली कुठे उघडी गटारं असतात, कुठे फुटलेल्या फरश्या, ते तिलाही ठाऊक होतं. एक हात भिंतीवर टेकत, पाऊल चाचपत ती चालली होती.

पुरुषोत्तमांनी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती ओशाळली असती. ते लांबून मागे मागे गेले. सभेच्या आवारात नळावर तिनं पाय धुतले, पुसले आणि मग बूट चढवले. चढवताना ओठ दाताखाली धरले. नंतर लंगडत, पण मान ताठ ठेवून, ती पायऱ्या चढली. पुरुषोत्तम तिचा फोन हातात घेऊन पावसात उभे राहिले, आणि तसेच घरी आले.

संध्याकाळी ती परतली तेव्हा हॉलमध्ये खुर्चीपुढे गरम पाण्याचं घमेलं होतं आणि बाजूला पॅड आणि पेन्सिल.

"चारू, मी आज तुझ्या मागून आलो होतो."

ती दारातच थांबली. "कुठपर्यंत?"

"सभेच्या नळापर्यंत."

ती खुर्चीत बसली. बूट काढले. जोडव्यानं शेजारचं बोट कापलं होतं आणि अंगठ्याच्या हाडावरची कातडी पार सोलून निघाली होती. "तुम्ही एवढ्या हौसेनं आणलेत," ती म्हणाली. "कसं सांगायचं?"

"हौसेनं नाही. लाजेनं आणले." मग पुरुषोत्तमांनी सगळं सांगितलं. झोपेत घेतलेलं माप, शरण्याला मारलेली थाप. "तुला उभं करायचं तर मला पायाशी बसावं लागलं असतं. आणि पायाशी बसलो असतो तर कोवलमचं बोलावं लागलं असतं. ते बोलायला नको म्हणून मी तुझा पाय कापला. माझं चुकलं, चारू. एकदा नाही, दर कोजागिरीला चुकलं."

चारुलतानं पाय घमेल्यात सोडले.

"मी हसायचे, म्हणून तुम्हाला वाटायचं मला चालतं."

"हो."

"चालत नव्हतं." आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात ती म्हणाली. "निधीच्या लग्नात पंगतीत तुम्ही तेच सांगितलंत. मी पाय साडीखाली ओढून घेतले. समोर बघते तर निधीनंही शालूखाली घेतले होते. तिचे माझ्यासारखेच आहेत. तुमच्या लक्षात नाही आलं कधी."

नव्हतं आलं. पोरीचे पाय त्यांनी लहानपणी हातात घेऊन धुतले होते, आणि नंतर कधी पाहिलेच नव्हते. ती घरी आली की बंद बूट घालून येते आणि मोजे काढत नाही, हे आता आठवलं. त्यांनी टॉवेल घेतला, खाली बसले आणि तिचा एक पाय पाण्यातून उचलला.

"उठा हो. पाप लागेल मला."

"मला लागू दे."

"तसं नसतं ते."

"मग देवाला सांग, मी ऐकलं नाही म्हणून. नाहीतरी मी कधी तुझं ऐकलंय?"

तिनं दुसरा पायही पाण्यातून बाहेर काढला. त्यांनी दोन्ही पाय कोरडे केले, पॅडचा कागद फरशीवर सरळ ठेवला. चारुलता खुर्चीला धरून उठली. दुखऱ्या हातानं खुर्ची नीट धरवेना, म्हणून दुसऱ्या हातानं आधार शोधला आणि तो पुरुषोत्तमांच्या डोक्यावर टेकला. तिनं कागदावर पाऊल ठेवलं, पण बिचकत, अर्धं अंग खुर्चीकडे ठेवून.

"पूर्ण भार दे," ते म्हणाले.

"तुमचं डोकं दुखेल."

"दुखू दे."

ती उभी राहिली. पाऊल पसरलं, बोटं मोकळी झाली, आणि अंगठ्याचं हाड आणि अर्धी करंगळी कागदाच्या दोन्ही कडांबाहेर गेली. झोपेत एवढाच कागद पुरला होता.

विनोद त्याच क्षणी त्यांच्या जिभेवर आला, आयता, चांगला. वर चारुलताचा श्वास थांबला. तिलाही तो विनोद दिसला होता आणि ती हसायच्या तयारीत उभी होती. पुरुषोत्तमांनी पॅडचा दुसरा कागद फाडला आणि काही न बोलता पहिल्याला जोडून तिच्या करंगळीखाली सरकवला. तिसरा फाडून अंगठ्याच्या हाडाखाली सरकवला.

ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिनं खुर्ची सोडली, आणि तिच्या हाताचं सगळं वजन त्यांच्या डोक्यावर आलं. पुरुषोत्तम पेन्सिल सरळ धरून टाचेपासून निघाले.